पोट सुटेल म्हणून भुसकट तोडू नका

पत्र : डॉक्टरकाका, नमस्कार. आम्ही जत तालुक्यातले. घरचाच चाळीसेक मेंढरांचा कळप आहे. त्यातलं माडग्याळ जातीचं एक नर कोकरू फार देखणं निघालंय. नाक चांगलं बाकदार, कान लांब, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. सध्या पाच महिन्यांचं आहे आणि काट्यावर ३२ किलो भरलं. कार्तिकात आटपाडीच्या यात्रेला ते घेऊन जायचं ठरलंय. आबा (माझे सासरे) रोज त्याला मक्याच्या पिठाचे गोळे देतात, सकाळी अर्धा किलो आणि संध्याकाळी अर्धा किलो. वर लिटरभर दूध. भुसकटानं पोट सुटतं म्हणून ते बंद केलंय. धाकटे दीर अमेरिकेतले प्रदर्शनाचे व्हिडिओ बघतात. तिथे कोकरांना ‘फायबर’ देतात म्हणून त्यांनी तशीच एक पावडर मागवली. आठवडाभर झाला, कोकराच्या लेंड्या चिकट पडतात आणि सकाळचा गोळा ते अर्धा सोडतं. पावडर घालू का? आणि पोट न सुटता अंग कसं भरेल?

ताई, नमस्कार.

पावडरीचं नंतर बोलू. आधी गोठ्यात जा आणि मक्याचा गोळा आजपासून निम्मा करा. पाच महिन्यांच्या कोकराला दिवसाला किलोभर मक्याचं पीठ, आणि सोबत भुसकट नाही, हे फार झालं. चिकट लेंड्या आणि सोडलेला गोळा, दोन्हींचा अर्थ एकच : पोटात आंबट झालंय. कोकरू उभ्या उभ्या दात खात असेल, रवंथ करायचं थांबलं असेल, डावी कूस फुगली असेल किंवा मान टाकून बसलं असेल, तर माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका. १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवा, नाहीतर दवाखान्यात न्या. तसं काही नसेल, खाणं फक्त थोडं कमी झालं असेल, तर गोळा निम्मा करून समोर हरभऱ्याचं किंवा तुरीचं मऊ भुसकट आणि स्वच्छ पाणी ठेवा. दोन-तीन दिवसांत लेंड्या पुन्हा सुट्या आणि घट्ट पडायला लागल्या पाहिजेत. नाही पडल्या तर डॉक्टरांना दाखवाच.

असं का होतं ते आबांनाही वाचून दाखवा. मेंढीच्या मोठ्या पोटात, म्हणजे कोठीपोटात, कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि चारा पचवायचं खरं काम तेच करतात. चाऱ्यातले तंतू, म्हणजे दीर म्हणतात ते ‘फायबर’, ते सावकाश फोडतात. मक्यातला स्टार्च मात्र भराभर फुटतो आणि त्यातून आम्ल तयार होतं. थोडं आम्ल हवंच, कोकराला ताकद त्यातूनच मिळते. पण पीठ बारीक असलं, एका वेळी अर्धा किलो गेलं आणि सोबत चघळायला काही नसलं, की आम्ल साचत जातं. तंतू पचवणारे जीव मरतात आणि आम्ल करणारेच वाढतात. कोठीपोटाचा सामू (पीएच, हा जितका कमी तितकं आम्ल जास्त) एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असतो. तो साडेपाचाच्या खाली गेला की भूक मरते, जुलाब लागतात, आणि आतल्या अस्तराला इजा होते ती वेगळीच. पुढे खूर गरम होतात, जनावर लंगडतं. प्रदर्शनात ज्याची चाल बघायची, तेच लंगडत निघालं तर बाकीच्या मेहनतीचा उपयोग काय?

यावरचा इलाज निसर्गानं कोकराच्या तोंडातच ठेवलाय : लाळ. रवंथ करताना मेंढी दिवसाला पाच लिटरांहून अधिक लाळ गिळते, आणि त्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखे आम्ल मारणारे क्षार असतात. मात्र लाळ सुटायला रवंथ हवा, आणि रवंथाला लांब तंतूचा चारा हवा. पीठ रवंथात येत नाही आणि पावडरही येत नाही. तुमच्या दिरांनी मागवलेल्या पाकिटाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. त्यातले तंतू खरेही असतील, पण दळून पीठ झालेला तंतू कोठीपोटात गुदगुल्या करत नाही, रवंथ उठवत नाही. तुमच्या कोकराला आज नेमकं तेच हवंय.

दिरांवर रागवू नका, त्यांनी बघितलं ते खोटं नाही. अमेरिकेत शाळकरी मुलं फोर-एच आणि एफएफए या संघटनांतून कोकरं वाढवतात आणि जिल्ह्याच्या जत्रेत रिंगणात उतरवतात. तिथले परीक्षक पाठीवर, कमरेवर, मागच्या मांडीवर हात फिरवून मांस किती भरलंय ते बघतात. ती कोकरं बहुतेक धान्यावरच वाढलेली असतात, म्हणून त्यांच्या खुराकात तंतू वेगळे घालावे लागतात. त्यासाठी वापरतात बिटाचा चोथा आणि सोयाबीनची टरफलं. साखरेच्या बिटाचे कारखाने मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, मिशिगन या भागांत आहेत, तेव्हा चोथा तिकडे सहज मिळतो. आपल्याकडे साखर उसाची, त्यामुळे तो चोथा आपल्याला परवडायचा नाही. आणि त्याच्यावाचून अडतही नाही.

सोयाबीनची टरफलं मात्र आपल्याकडे मिळतात. तेलाच्या कारखान्यांतून ती निघतात आणि पशुखाद्याच्या दुकानदाराला सांगितलं तर मागवून देतो. वस्तू गुणाची आहे. तिच्यातला तंतू कोवळा असतो, सूक्ष्मजीव तो जवळजवळ पूर्ण पचवतात, ताकद मक्याच्या जवळपास मिळते, आणि स्टार्च अगदी कमी असल्यामुळे आम्लाचा एकदम भडका उडत नाही. म्हणून खुराकातला काही मका काढून त्या जागी टरफलं घालायला माझी पूर्ण संमती आहे. पण टरफलंही बारीकच, रवंथ तीही फारशी उठवत नाहीत. ती घ्यायची मक्याच्या जागी, भुसकटाच्या जागी कधीच नाही. हा फरक न समजल्यामुळे बरेच जण महागडा खुराक घालूनही कोकरू बिघडवून बसतात.

आता पोट सुटण्याचा प्रश्न. आबांची भीती निराधार नाही, पण दोष त्यांनी चुकीच्या चाऱ्यावर ठेवलाय. पोट सुटतं ते वाळून काष्ठ झालेल्या, पानं झडलेल्या चाऱ्यानं. ज्वारीचा जुना कडबा, गव्हाचं काड, उसाचं पाचट. यांचा तंतू लाकडासारखा असतो, फुटायला वेळ लागतो, म्हणून तो कोठीपोटात तळ ठोकून बसतो. वरून प्रथिनं कमी पडली तर सूक्ष्मजीवच उपाशी राहतात, पचन आणखी मंदावतं आणि पोट खाली लोंबतं. जंतांनीही तेच होतं : पाठ खपाटीला आणि पोट नगाऱ्यासारखं. म्हणून औषध पाजण्याआधी लेंड्या तपासून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुना देता येतो, आणि कुठलं औषध लागू पडेल ते त्यावरून ठरवता येतं. खालची पापणी उलटून बघायची सवयही लावून घ्या. ती गुलाबी-लाल हवी. पांढरट दिसली तर रक्त पिणारे जंत आहेत असं समजा.

हरभऱ्याचं भुसकट, तुरीच्या शेंगांचं आणि पाल्याचं भुसकट, भुईमुगाचा वाळलेला पाला यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत पान असतं, कॅल्शियम असतं, कडब्यापेक्षा प्रथिनं जास्त असतात आणि ते पोटातून लवकर पुढे सरकतात. हिरव्यात लसूणघास, शेवरी, हदगा, सुबाभूळ. सुबाभूळ एकूण हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. लसूणघास ओला, दव असलेला किंवा पहाटेचा कापून लगेच टाकू नका, पोट फुगतं. कापून दोन-तीन तास सुकू द्या. उसाचे वाढे फुकट मिळतात म्हणून अनेक जण तेच घालतात, पण त्यांतलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. वाढत्या हाडांच्या कोकराला मी तरी ते रोज घालणार नाही.

३२ किलोच्या कोकराला दिवसाला साधारण सव्वा किलो कोरडं अन्न लागतं. हिरव्या चाऱ्यात पाचातले चार भाग पाणीच असतं, हे हिशेबात धरा. आत्ता दोन किलो हिरवा चारा, चारशे ते साडेचारशे ग्रॅम भुसकट आणि चारशे ग्रॅम खुराक एवढं पुरे. पण या चारशेवर एकदम येऊ नका. पोट ताळ्यावर आल्यावर आधी मक्याचा गोळा हळूहळू काढत न्या आणि त्या जागी खाली सांगितलेलं मिश्रण घाला, या बदलाला दोन आठवडे द्या. मग दर तीन-चार दिवसांनी पन्नास ग्रॅमच्या वर वाढवायचं नाही. लेंड्या मऊ पडल्या की मागच्या पायरीवर परत यायचं. कार्तिकापर्यंत कोकरू ४५ किलोच्या आसपास गेलं तर खुराक सहाशे ग्रॅमपर्यंत न्या, तोही तीन वेळा विभागून, आणि त्या प्रमाणात भुसकटही सहाशे ग्रॅम करा. कोरड्या अन्नातला निम्म्याहून जास्त वाटा चाऱ्याचा राहिला पाहिजे, ही मर्यादा कधीच ओलांडू नका.

दहा किलो मिश्रण करायचं तर मक्याचा भरडा साडेतीन किलो, सोयाबीनची टरफलं अडीच किलो, शेंगदाणा पेंड दोन किलो, तूर चुनी (डाळ भरडताना निघणारी कणी-टरफलं) एक किलो, गव्हाचा कोंडा सातशे ग्रॅम, मेंढ्यांचं क्षारमिश्रण दोनशे ग्रॅम आणि मीठ शंभर ग्रॅम. मका दळून पीठ करू नका, जाडाभरडा ठेवा. मेंढी दाणा चांगला चावते, अख्खा मकासुद्धा तिला पचतो, आणि दाणा जितका जाड तितकं आम्ल सावकाश सुटतं. क्षारमिश्रण पिशवीवर ‘मेंढ्यांसाठी’ असं लिहिलेलंच आणा. गाई-म्हशींच्या मिश्रणातलं तांबं मेंढीच्या यकृतात साचत जातं, आणि एक दिवस अचानक लघवी लाल होऊन जनावर दगावतं. कोंबड्यांचं खाद्यही याच कारणासाठी नको. पेंड आणि मका पावसाळ्यात कुबट वास मारत असेल, त्यावर बुरशी दिसत असेल, तर पैसे गेले असं समजा आणि फेकून द्या. उन्हात वाळवून बुरशीचं विष जात नाही.

घालण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सकाळी उठल्याबरोबर खुराक नको. आधी भुसकट, मग तासाभरानं खुराक. रिकाम्या पोटी धान्य पडलं की आम्ल लवकर चढतं, तेच आधीपासून चारा असेल तर लाळ तयार असते. भुसकटाची कुट्टी करत असाल तर तुकडा दोन-तीन सेंटिमीटरचा राहू द्या. बारीक भुगा केलात तर ती पावडरच झाली. खुराकात खाण्याचा सोडा शंभराला एक या हिशेबानं, म्हणजे चारशे ग्रॅमला चार ग्रॅम, घालायला हरकत नाही. मदत होते, पण भुसकट काढून सोडा वाढवायचा असं नाही.

दुधाबद्दल आबा नाराज होतील, तरी लिहितो. तुमच्या भागात बकऱ्याला, म्हणजे मेंढीच्या नराला, दूध आणि अंडी घालणं मानाचं समजतात, हे मला माहीत आहे. पण पाच महिन्यांच्या कोकराचं कोठीपोट पूर्ण चालू झालेलं असतं. बादलीतून प्यायलेलं दूध बरंचसं तिथेच जाऊन आंबतं. दहा-बारा दिवसांत कमी करत बंद करा आणि ते दूध घरात मुलांना द्या. त्याच पैशात चांगली पेंड येते.

आबांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण धान्यावर वाढवलेल्या नराला सर्वांत मोठा धोका याचाच. मूतखडा. मका, पेंड, विशेषतः गव्हाचा कोंडा, यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. खुराकात या दोन्हींचं प्रमाण बिघडलं की जादा फॉस्फरस लघवीत उतरतो, त्याचे खडे बनतात आणि नराच्या अरुंद मूत्रमार्गात अडकतात. कोकरू कमान करून उभं राहतं, कुंथतं, थेंब थेंब मुततं, लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. दिवस-दीड दिवसात मूत्राशय फुटू शकतं. कॅल्शियम फॉस्फरसाच्या दुप्पट असावं हे सूत्र आहे, आणि ते साधायला लसूणघास, शेवरी आणि डाळवर्गीय भुसकटच उपयोगी पडतं. शिवाय रवंथ होत राहिला तर लाळेतून फॉस्फरस पोटात येतो आणि बराचसा लेंड्यांतून बाहेर जातो, लघवीवाटे कमी जातो. ज्या भुसकटाला तुम्ही बंदी घातलीत, ते एकाच वेळी पोटातलं आम्ल आणि मूतखडा दोन्हींना आवरतं. मीठ आणि ताजं पाणी यात कसूर नको. पाण्याची बादली रोज घासा, घाण पाणी बकरं कमी पितं.

लसींचं वेळापत्रक आत्ताच बसवा. आंत्रविषाराची लस आधी घेतली नसेल तर पहिला डोस लगेच आणि दुसरा दोन-तीन आठवड्यांनी. हा रोग नेमका सर्वांत धष्टपुष्ट, सर्वांत चांगलं खाल्लेल्या कोकराला उचलतो. रात्री बरं असलेलं जनावर सकाळी मेलेलं सापडतं. जादा स्टार्च आतड्यात उतरला की तिथले जीवाणू विष तयार करतात, म्हणून खुराक वाढवायच्या आधी लस झालेली हवी. यात्रेत चारी बाजूंची जनावरं येतात, तेव्हा पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लसही निदान तीन-चार आठवडे आधी टोचून घ्या.

चालवणं विसरू नका. दावणीला बांधून खाऊ घातलेलं बकरं मांडीला ढिलं राहतं. सकाळ-संध्याकाळ कळपाबरोबर तासभर चरायला सोडा, शक्य असेल तर थोड्या चढावर. माडग्याळचं देखणेपण नाकाइतकंच उंचीत आणि लांब पाठीत आहे, ते हाडावर येतं, चरबीवर नाही. पंधरा दिवसांनी एकाच वेळी, खुराकाच्या आधी, वजन करा आणि वहीत लिहा. रोज सव्वाशे-दीडशे ग्रॅमची वाढ दिसली तर समाधानी राहा. दिवसाला पाव किलोची हाव धरलीत की पुन्हा मक्याचे गोळे सुरू होतील.

शेवटच्या महिन्यात पोट आवरतं दिसावं म्हणून एवढंच करायचं : कडबा घालत असाल तर तो काढा आणि चारा पूर्ण पानाचा, मऊ ठेवा. उपाशी ठेवू नका. यात्रेच्या सकाळी भरलेलं दिसावं म्हणून काही जण बाटलीनं मीठपाणी किंवा पिठाचं पाणी पाजतात. ताई, हे कुणालाही करू देऊ नका. डोकं वर करून ओतलेलं पाणी श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते, आणि तीन महिने वाढवलेलं जनावर आठवड्यात जातं. अंग भरायची म्हणून जी इंजेक्शनं सांगितली जातात, त्यांनाही तितकाच ठाम नकार द्या. टेम्पोत घरचंच भुसकट आणि घरचं पाणी सोबत घ्या. पोचल्यावर आधी भुसकट, नेहमीच्या निम्मा खुराक, आणि विसावा. परक्या चाऱ्याची चव तिथे घेऊ देऊ नका.

दिरांना एक काम द्या : व्हिडिओ बघून पावडर मागवण्याऐवजी सोयाबीनच्या टरफलांचा भाव आणि जवळचा पुरवठादार शोधायचं. त्यांची हौस खरी आहे, ती उपयोगी पडेल. भुसकटाची पोती आत्ताच घेऊन ठेवा, हरभऱ्याचा नवा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर येतो आणि तोपर्यंत भाव चढेच राहतात. पैदाशीचे नर कसे सांभाळतात हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तुम्हाला ते फार लांब नाही. आबांनाही घेऊन जा.

यात्रेहून परत आल्यावर दोन-तीन आठवडे त्याला कळपात मिसळू नका, वेगळं बांधा. खुराकही एकदम तोडू नका, दोन आठवड्यांत उतरवत निम्म्यावर आणा आणि चराई वाढवा. विकायचं नसेल, कळपालाच ठेवायचं असेल, तर लगेच मेंढ्यांवर सोडू नका. कार्तिकात तो आठ महिन्यांचा, म्हणजे आदतच (दुधाच्या दातांचा) असेल. वर्ष उलटू द्या, मग सुरुवातीला थोड्याच मेंढ्या द्या.